सोळावं रीळ

आमच्या घरात बाईमाणसानं बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. चुलीपुढं, गिरणीच्या काट्याशी आणि तिन्हीसांजेला मागच्या पडवीत, तेही शेजारच्या बायका आल्या तर. चौथी जागा नव्हती. पुरुषांना ओटा होता, पार होता, देवळाची पायरी, चहाची टपरी, बेल्ह्याचा बाजार आणि एसटीतली खिडकी होती. हे मी आज वकील झाल्यावर हिशेब मांडून रागावतेय असं कुणी समजू नये. राग तेव्हाही होता, फक्त तो कागदावर उतरवायला मी नुकती कुठं शिकत होते. पस्तिशीच्या आत आठवणी लिहायला बसलीस म्हणून मैत्रिणी हसतात. हसू देत. म्हातारपणी माणूस सगळ्यांना माफ करून टाकतं, आणि मला त्याआधी लिहायचंय.

घर रस्त्याच्या कडेला. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि मागं आम्ही अकरा माणसं. आजोबांपर्यंत आमची मेंढरं पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात जायची. तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, निम्मी मेंढरं विकून गिरणी टाकली आणि उरलेली माझ्या वडिलांकडं, आबांकडं दिली. म्हणजे वाटणी अशी झाली की तात्यांकडं गिरणी, घर, यात्रा कमिटीचं अध्यक्षपद आणि बोलायचा हक्क. आबांकडं चाळीसेक मेंढरं आणि गप बसणं. गिरणी चालू असली की सगळं घर थरथरायचं. मांडणीवरची भांडी बारीक वाजत राहायची, पट्ट्याचा फटफट आवाज दुपारच्या झोपेतसुद्धा डोक्यात चालायचा. पीठ तर सगळीकडं. भुवयांवर, देवाच्या टाकांवर, उशीच्या खोळीत. पाणी प्यायलं तरी तोंडाला बाजरीची चव यायची. गिरणी बंद झाली की कान काही वेळ सुन्न व्हायचे, आणि मग पहिला ऐकू यायचा तो तात्यांचा आवाज.

अकरावी-बारावीला मी जुन्नरला एसटीनं जायचे. तिथं एक ताई शनिवारी मुलींचा अभ्यासवर्ग घ्यायच्या. पत्रक कसं लिहायचं ते मी त्यांच्याकडं शिकले. पहिलं वाक्य प्रश्न असावा, दुसरं आरोप, आणि तिसऱ्या वाक्यात वाचणाऱ्याला जागा सोडायची नाही. मला ते इतकं आवडलं की घरात मी बोलायलाही तसंच लागले. हुंड्यावरचं पत्रक स्टँडवर वाटताना गावातल्या कुणीतरी मला पाहिलं आणि दिवस मावळायच्या आत ते तात्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एसटीचा पास मागून घेतला, नीट घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. फाडला असता तर मला बरं वाटलं असतं. बारावीच्या पेपरांना ते स्वतः मला मोटरसायकलवर न्यायचे आणि बाहेर चिंचेखाली थांबून परत आणायचे. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी दारातच म्हणाले, "झालं तुझं शिक्षण. आता काट्यावर बस."

बसले. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत दळणाचे डबे तोलायचे आणि डब्याला चिठ्ठी लावायची. रस्ता समोर दिसायचा, एसट्या जाताना दिसायच्या. एकदा आमच्या वर्गातल्या दोघी खिडकीतून हात हलवत गेल्या, माझ्या हातात कुणाच्या तरी ज्वारीचा डबा होता. त्याच सुमारास आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावजवळचं एक स्थळ आलं. बागायत, ट्रॅक्टर, एकुलता एक मुलगा. यात्रा झाली की पाहुणे सुपारी फोडायला येणार असं ठरलं. ताईंनी कुणाच्या तरी हाती मला वकिलीच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म पाठवला होता. तो वडिलांच्या सहीनिशी महिनाअखेरच्या आत पुण्याला नेऊन द्यायचा होता. फॉर्म मी बाजरीच्या कणगीमागं लपवून ठेवला होता. आईला तो माहीत होता. ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती, आणि तिचं ते न बोलणं मला तात्यांच्या बोलण्याहून जास्त टोचत होतं.

यात्रा भैरवनाथाची. यात्रेला तंबूचा सिनेमा यायचा आणि दरवर्षी पहिल्या दिवशी दिवेलागणीच्या खेळाला एकच सिनेमा लागायचा. त्याचं खरं नाव पोस्टरवर होतं, पण ते गावात कुणी घेत नसे. आमच्यासाठी तो 'थोरलीचा शिनेमा'. काळा-पांढरा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. मोठ्या घराची थोरली सून. राबराब राबते, नवरा दुसरी आणतो, धाकटीचे दागिने चोरल्याचा आळ थोरलीवर येतो. मग एके सकाळी ती पाण्याला म्हणून नदीवर जाते, घागर काठावर ठेवते आणि उभ्या असलेल्या नावेत चढून बसते. नाव काठ सोडते. नावाडी वल्हं मारता मारता विचारतो, "कुठं जायचं, बाई?" आणि रीळ संपतं. पडदा पांढरा होतो.

इथं आमच्या गावाची रीत होती. पडद्यावर काही नाही, नुसता उजेड, आणि पुरुषांना पलीकडं ठेवणाऱ्या मधल्या कनातीच्या अलीकडं बसलेल्या बायका त्या नावाड्याला उत्तर द्यायच्या. ओरडून, एकीवर एक.

"लेन्याद्रीला! गणपतीच्या मागल्या गुहेत निजते, उठवू नगा म्हनावं!"

"भीमाशंकराच्या रानात! तितं सासू चढत न्हाय!"

"बेल्ह्याच्या बाजारात, नवरा इकून येते!"

"गिऱ्हाईक मिळंल का गं?"

"दात बगितल्यावर कोन घेतंय!"

हसून हसून बायका एकमेकींवर पडायच्या. डोळ्यांतलं थोरलीसाठीचं पाणी अजून वाळलेलं नसायचं. माझी आई, जी घरात भाकरी थापतानाही आवाज होऊ देत नसे, ती मान वर करून ओरडायची, "आळेफाट्याला! तितनं समदीकडं गाड्या सुटत्यात!" मग बल्ब लागायचे आणि सगळ्या पदर सावरून घरी. लग्न न झालेल्या मुलींनी ओरडायचं नाही, हाही रीतीचाच भाग. आम्ही पुढं मातीत बसायचो आणि मागं वळून आयांकडं बघायचो.

मागच्या वर्षी पुण्यात एका परिसंवादाला गेले होते. विषय होता, जुना सिनेमा अभिजात कशानं ठरतो. व्यासपीठावर चार विद्वान पुरुष. एक छायाप्रकाशावर बोलले, एक संगीतावर, एक दिग्दर्शकाच्या दृष्टीवर, आणि चौथे म्हणाले की अभिजात कलाकृती काळाच्या कसोटीला उतरते. मला विचारायचं होतं, काळ म्हणजे कोण हो? तो कुठं बसतो? तिकीट कोण काढतं त्याचं? आमच्या गावात काळ कनातीच्या अलीकडं घोंगडीवर बसायचा, मांडीवर पोर घेऊन. पण प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. असल्या सभांना तो कधीच उरत नाही.

पण त्या वयात मीही काही वेगळी नव्हते. मला तो सिनेमा मनापासून नावडायचा. रडका आहे, सरंजामी आहे, बाईला सोसायला शिकवणारा आहे, हे सगळे शब्द मी अभ्यासवर्गातून घेऊन आले होते. आणि बायकांचं ओरडणं म्हणजे वर्षातून एकदा दिलेली मोकळीक. कोंबड्या अंगणात सोडाव्यात आणि पुन्हा डालग्याखाली घालाव्यात, तशी.

त्या वर्षी यात्रेच्या चार दिवस आधी तंबूच्या गाड्या आल्या. मशीन चालवायला गुलाबभाई नावाचे वयस्कर गृहस्थ असायचे, आणि कमिटीच्या अध्यक्षांच्या घरून त्यांना जेवण जायचं. आईनं मासवड्या केल्या होत्या. तिखटजाळ रस्सा, वर तिळाचा तवंग. डबा घेऊन मला पाठवलं, कारण तंबू आमच्या ओट्यावरून दिसायचा आणि ओट्यावर तात्या बसलेले होते. गुलाबभाई रिळांचे पत्र्याचे डबे पुसून रांगेनं लावत होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. मी सहज मोजले. पंधरा डबे रांगेत, आणि एक बाजूला, सुतळीनं आवळून बांधलेला. त्यावर सोळा.

"हे कुठल्या सिनेमाचं, गुलाबभाई?"

"थोरलीचंच. शेवटचं रीळ हाय."

"शेवटचं? मग लावत का नाही?"

ते मासवडी मोडत होते. "ह्या गावात न्हाय लावायचं. आधीच्या मालकापासून चालत आलंय."

"कुणी सांगितलं नाही लावायचं?"

"गावानं," ते म्हणाले आणि रस्सा ओतून घेतला. "जेवन फस्क्लास झालंय बग. आईला सांग."

गावानं. माझ्या डोक्यात गाव म्हणजे कमिटी आणि कमिटी म्हणजे तात्या. मी आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला उत्तर सापडलं होतं! थोरली नदीपार जाते, सुटते, म्हणून पुरुषांनी ते रीळ बांधून ठेवलंय. बायकांनी तिला सुटताना पाहिलं तर त्यांनाही सुटावंसं वाटेल. आणि त्याच्या पुढचं पाऊल असं की आईनं ते पाहिलं तर ती माझ्यासाठी उभी राहील, आबांना सहीला लावेल. माझ्या सुटकेचा रस्ता त्या सोळाव्या डब्यातून जातोय असं मला अगदी लख्ख दिसलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दुपारी मी कार्बन घालून चाळीस पत्रकं लिहिली. 'सोळावं रीळ कुणी दडवलं? बायांनो, तुम्हाला अर्धाच सिनेमा दाखवून फसवलं जातंय. थोरली कुठं गेली हे कळण्याचा तुमचा हक्क आहे. यात्रा कमिटीला जाब विचारा.' वाटायची कशी हा प्रश्न नव्हताच. काट्यावर कोण बसलं होतं? यात्रेच्या पोळ्यांसाठी सगळ्या गावाचं दळण त्या दोन दिवसांत आमच्याकडं येणार होतं. प्रत्येक डब्यात, पिठाच्या वर, एक घडी घातलेला कागद. झाकण लावायचं, चिठ्ठी चिकटवायची, पुढचा डबा.

बऱ्याच बायकांना वाचता येत नव्हतं हे मी सोयीस्करपणे विसरले होते. पीठ लागलेली पत्रकं त्यांनी मुलांकडून वाचून घेतली, नवऱ्यांकडून वाचून घेतली. संध्याकाळपर्यंत एक प्रत तात्यांच्या हातात होती. मी काट्याशी उभी. वाटलं, आता कानाखाली बसणार.

तात्यांनी कागदावरचं पीठ फुंकलं, शांतपणे वाचलं आणि हसले. "मागनी रास्त हाय," ते म्हणाले. "बायकांचा हक्क हाय. आरं, गुलाबभाईला सांगा, ह्या साली सोळावं लावायचं. अन पोरी, तू पुढंच बस."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तात्यांना मी कधी हरताना पाहिलं नव्हतं, आणि हरलेला माणूस असा हसत नाही एवढं मला कळत होतं.

आई चुलीपुढं होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "तुला कुनी सांगितलं व्हतं ह्यात त्वांड घालाया?"

"आई, तुम्हाला फसवलंय इतकी वर्षं."

"आमाला? अगं, तुला म्हाईत तरी हाय का त्यात..."

"मला माहीत आहे! तुम्हाला नुसतं ओरडू देतात आणि परत इथं चुलीपुढं आणून बसवतात. तू त्यांच्याच बाजूनं बोलणार. तू कधी माझ्या बाजूनं बोललीस?"

तिनं काटवटीतलं पीठ मळून मळून लोण्यासारखं केलं, पण पुढं बोलली नाही. मी बोलूच दिलं नाही हे खरं. त्या दिवशी तिला दोन वाक्यं पुरी करू दिली असती तर, हा विचार मी आजही कोर्टात कुणा बाईची साक्ष चालू असताना करते, आणि तोंड मिटून घेते.

खेळाच्या दिवशी तंबू कधी नव्हे इतका भरला. पुरुषही झाडून आले होते. एकच मशीन असल्यामुळं दर रिळाला थांबायचं, बल्ब लागायचा, फुटाण्यांच्या पुड्या सुटायच्या, पुन्हा अंधार. पंधरावं लागलं. थोरलीनं घागर ठेवली. नाव हलली. पलीकडच्या काठानं मेंढरांचा कळप चालला होता. "कुठं जायचं, बाई?" पडदा पांढरा झाला, पण त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. दोघी-तिघींनी सुरुवात केली आणि मागं-पुढं बघून थांबल्या. बल्ब लागला. गुलाबभाईंनी सुतळी कापली तो आवाजसुद्धा ऐकू आला.

सोळावं सुरू झालं. नावाडी, नदी, नाव. थोरलीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "माघारी फिरवा. घर चुकलं नाही, मीच चुकले." नाव वळली. ती धावत घरी गेली, नवऱ्याच्या पायावर पडली. आळ खोटा होता हे त्याला कळलेलंच होतं, त्यानं तिला माफ केलं. कशाबद्दल, देव जाणे. तेवढ्यात तिला खोकला आला, आणि ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, कपाळभर कुंकवानिशी, हसतमुखानं मेली. वर आरती. समाप्त.

मी मातीत बोटं रुतवून बसले होते. मागं वळून आईकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

तात्या पलीकडून उठून उभे राहिले. "बगितलं का सगळ्यांनी? इचारत व्हता नव्हं, कुठं जाती? कुठं न्हाय जात. घरलाच येती." पुरुषांत थोडा हशा पिकला. ते माझ्याकडं वळले. "काय पत्रकवाले? झालं समाधान?"

तेव्हा सोनाआक्का उठल्या. हयात मेंढरांमागं गेलेली बाई, कोकणवाटेचे सगळे घाट पायाखालचे. काठीवर जोर देत त्या म्हणाल्या, "गुलाबभाई, रीळ चुकलं तुजं."

"न्हाय आक्का. डब्यावर सोळाच हाय."

"डब्यावर काय बी आसंल. आतलं दुसऱ्या शिनेमाचं हाय."

"आक्का, तीच बाई हाय की," तात्या म्हणाले. "तीच नाव, त्योच नावाडी."

"बाई आसंल रं. मेंढरं ती न्हाईत."

"आँ?"

"पंदराव्यात पल्याडच्या काठाला मेंढरं हाइती. कातरल्याली. अंगावर कातरीचं पट्टं दिसत्यात, आंधळ्यालाबी दिसतीन. ह्या रिळात नाव तितंच हाय, अर्ध्या नदीत, अन त्याच काठाला मेंढरं अशी लोकरीनं भरल्याली. बाईनं नुसतं त्वांड उगाडलं तवर येवढी लोकर आली व्हय रं तात्या? कंचं खत घातलं?"

आधी बायका हसल्या. मग कनातीच्या पलीकडं कुणीतरी फिस्सकन हसलं. आमच्या गावात लोकरीबद्दल थाप मारता येत नाही, तिथं सगळेच जाणकार. तात्या चिडले. "म्हातारीला चष्म्याबिगर ताटातलं दिसत न्हाय, अन हिला लोकर दिसली. सांगा रं कुनीतरी हिला."

आणि मग पुरुषांच्या अगदी मागच्या रांगेतून एक आवाज आला. मला तो ओळखायला वेळ लागला, कारण चारचौघांत मी तो कधी ऐकलाच नव्हता. आबा उठून उभे होते, टोपी हातात.

"आक्काचं खरं हाय."

"काय खरं हाय?" तात्या वळले.

"ती कातरल्याली व्हती. म्या दरसाल त्येच बगतो. येवढी लोकर याला पाच म्हयनं लागत्यात." एवढं बोलून आबा खाली बसले, आपण काय केलं ते त्यांना बसल्यावर कळलं असावं, कारण त्यांनी टोपी घातली ती थेट डोळ्यांवर.

"रीळ चुकलं! रीळ चुकलं!" बायकांनी एकच गिल्ला केला. "पंदरावं परत लाव, गुलाबभाई!" गुलाबभाईंनी तात्यांकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं आणि हात जोडले. "व्हय, माफ करा. रीळ चुकलं माझं." त्यांनी पंधरावं उलटं गुंडाळून शेवटचा तुकडा पुन्हा दाखवला. नावाड्यानं विचारलं. आणि त्या संध्याकाळी बायका ज्या ओरडल्या तशा मी कधी ऐकल्या नव्हत्या, त्यात हसू कमी होतं. आईचा आवाज मी शोधत होते. तो नव्हता.

घरी जाताना तात्या एकच वाक्य बोलले. "पावनं चार दिसांनी न्हाय, परवाच येत्यात. सुपारी फोडायची."

आई भांडी घासत होती. मी राख पुढं केली. ती आपणहून बोलली, माझ्याकडं न बघता. त्या सिनेमाचं पहिलं वर्ष, ती नवी नवरी. तेव्हा सोळाच्या सोळा रिळं दाखवली होती. थोरली मेली आणि बायका रडत घरी आल्या, दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी सोनाआक्कानं विहिरीवर विषय काढला. घरोघरची मूठ मूठ लोकर जमवली, पिंजली, कातली, घोंगडी विणून घेतली आणि तंबूच्या तेव्हाच्या मालकाला नेऊन दिली. दरसाल एक मिळंल, पण ते रीळ आमच्या गावात लावायचं नाही. पुरुषांना वाटलं रीळ खराब झालंय, आणि एकदाच पाहिलेला शेवट ते विसरूनही गेले. तात्यांनी मात्र पुढं जुन्नरच्या थेटरात पुन्हा पुरा सिनेमा पाहिलेला होता.

"लगीन झालं की पोरींना सांगायचं, आसं ठरल्यालं," आई म्हणाली. "तुला आंदी सांगाया पायजे व्हतं. वरसात येक डाव ती बाई नावंत ऱ्हायची गं. नुसती बसून ऱ्हायची. आमाला तेवडं पुरायचं."

मी माफी मागितली नाही. तिच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं आणि मीच घासायला बसले. पाच महिन्यांच्या लोकरीचा अर्थ मला फार नंतर लागला: तो सिनेमा बनवणाऱ्यांनी मुळात तो तिथंच, नावेतच थांबवला असणार, आणि कुणातरी बड्या माणसाला ते सहन न होऊन पुन्हा नदीवर जाऊन शेपूट जोडायला लावलं असणार. याला माझ्याकडं पुरावा नाही, मेंढरं सोडून. पण अभिजात म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या विहिरीवरच्या बायकांचं नाव घेते. पंधरा रिळं कुठली आणि सोळावं कुठलं, हे त्यांनी ओळखलं आणि पंधरा जपली. माझ्यासारखी शिकलेली येऊन ते मोडेपर्यंत जपली.

दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार. पहाटे आईनं मला हलवून उठवलं. हातात पिशवी दिली. त्यात माझे दाखले, कणगीमागचा फॉर्म, दोन भाकऱ्या आणि एक लुगड्याची घडी होती. "आबा टेंपूत बसल्यात. जा."

"तू आबांशी बोललीस? काय म्हणालीस?"

"जा म्हनलं ना."

"आणि इथलं? तात्या उठले की?"

"मी बगते," ती म्हणाली आणि मला दाराकडं ढकललं, इतक्या जोरानं की उद्या कुणी विचारलं तर तिनं हाकललं असंच मी सांगेन.

टेम्पोत मागं बारा मेंढरं, पुढं ड्रायव्हर, आबा आणि मी. बेल्ह्यात उजाडताना पोचलो. व्यापाऱ्यांच्या मोटरसायकली येत होत्या, दावणी लागत होत्या. आबांनी फॉर्म टेम्पोच्या बॉनेटवर पसरला, पेन माझ्याकडून घेतलं आणि सही केली. तीन अक्षरांना त्यांना बराच वेळ लागला. मग कागद वाळायला हवा तसा हातात धरून उभे राहिले.

"किती वर्सांचं शिकान हाय?"

"पाच."

"पाच वर्सं. तवर तात्याला मी काय सांगू?"

माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. "सांगा, गेली म्हणून."

"गेली म्हनलं की कुठं गेली इचारंल. पुन्यात कुनाकडं, इचारंल. जाऊन आनतो म्हनंल." त्यांनी मेंढरांकडं पाहिलं. एक व्यापारी येऊन कोकराच्या पाठीवरून हात फिरवत होता. आबांनी त्याला थांबायची खूण केली आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

"न्हाय सांगत काय," ते म्हणाले. "गप ऱ्हायाला मला येतं. आजवर ऱ्हायलोय, आजून पाच वर्सं ऱ्हातो."

समोर एसटी लागली होती. ते गिऱ्हाइकाकडं वळले.